अॅलर्जीची गोळी घेताना या चुका टाळा, नाहीतर ठाण्याऐवजी कल्याण!

मागच्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली, कपाटात बुरशीचा वास आणि सकाळी उठलो की शिंका सुरू, थांबायचं नावच नाही. एक दिवस घरातली सेटिरिझीन सकाळीच घेतली, दादरला स्लो लोकल पकडली, नशिबानं खिडकी मिळाली, आणि डोळे उघडले तर कल्याण! उतरायचं होतं ठाण्याला.

चूक गोळीची नाही, वेळेची. सेटिरिझीन जुन्या गोळ्यांइतकी झोपवत नाही, पण बऱ्याच जणांना गुंगी येते, आणि एका गोळीचा असर 24 तास टिकतो, मग रात्री घेतलेली काय वाईट? दिवसा गाडी चालवायची असेल तर फेक्सोफेनाडीनबद्दल डॉक्टरांना विचारा, तिच्यानं झोप खूपच कमी येते. फक्त ती साध्या पाण्यासोबत घ्या. संत्र्याच्या नाहीतर सफरचंदाच्या ज्यूससोबत घेतली तर अंगात कमी लागते, आणि मग लोक म्हणतात गोळी फुसकी.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे डबल डोस. लिव्होसेटिरिझीन हा सेटिरिझीनचाच कामाचा अर्धा भाग आहे, म्हणून 10 एमजीच्या जागी 5 एमजी पुरते. दोन्ही एकत्र घेऊन काही फायदा नाही, नुसती पेंग. त्यावर केमिस्टकडून सर्दीची गोळी आणली तर तिच्यातही बहुतेक वेळा क्लोरफेनिरामाइन असतं, म्हणजे अजून एक अँटी-हिस्टामिन (सेटिरिझीनसारखंच अॅलर्जी दाबणारं औषध) पोटात! स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा हो, चष्मा लावून.

आजोबांना घरातली एव्हिल, म्हणजे ती जुन्या पिढीची झोपवणारी अॅलर्जीची गोळी, देऊ नका. तोंड सुकतं, तोल जातो, प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडकू शकते.

लिव्होसेटिरिझीनसोबत मॉन्टेलुकास्ट असलेली जोडगोळी जुन्या चिठ्ठीवर महिनोन्महिने चालू ठेवणारेही बरेच आहेत. मॉन्टेलुकास्ट हे अँटी-हिस्टामिन नाहीच, वेगळं काम करतं, आणि मूड बिघडणं, वाईट स्वप्नं याबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं (तिथल्या सरकारी औषध नियामकानं) 2020 मध्ये त्यावर कडक इशारा टाकलाय.

आता नाक. झायलोमेटाझोलिनचे ड्रॉप्स पाच मिनिटात नाक मोकळं करतात म्हणून आठवडाभर ओतत बसलात तर उलट नाक जास्तच चोंदतं, तीन-चार दिवसांत बंद करा. स्टेरॉइड स्प्रेचं उलटं, तो रोज मारावा लागतो, पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडेही लागतात, आणि आपण दुसऱ्याच दिवशी फेकतो.

ओठ, जीभ सुजली किंवा श्वास अडकला तर गोळीची वाट बघत बसू नका, लगेच 108 लावा.