ग्रॅमचे चमचे करताना लोणचं खारट झालं, मग असं जमवलं

अर्धा किलो कैरीला 90 ग्रॅम मीठ लिहिलेलं, आन् आमच्या परभणीच्या घरी काटा नाही, म्हणून 5 ग्रॅमचा एक चमचा धरून सरळ 18 चमचे घातले तर लोणचं लई खारट झालं.

मग खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं चमच्यात पाणी मोजलं. माझा चमचा 5 मिलीचा नव्हताच, साडेसात मिलीचा निघाला! त्यात मीठ जड, 5 मिलीत साधारण 6 ग्रॅम बसतं (साखर 4, तिखट तर अडीचच्या आसपास), म्हणजे माझ्या सपाट चमच्यात 9 ग्रॅम, 10 चमचे पुरे होते. आणखी अर्धा किलो कैरी चिरून टाकली, वरून 2 चमचे मीठ, आता मस्त लागतंय.