तयारी थांबवण्याची भीती
राज्यसेवेची तयारी आणखी एक वर्ष करावी की थांबावे, हा प्रश्न पुण्यातल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या अनेक मुलामुलींना छळत असतो. खुल्या प्रवर्गासाठीही वयोमर्यादा ३८ वर्षांपर्यंत असल्यामुळे बाहेरून कोणी अडवत नाही आणि निर्णय सहज पुढे ढकलला जातो. अशा वेळी आपल्याला नेमकी कशाची भीती वाटते, ते वहीत पूर्ण वाक्यांत लिहावे. ‘वडिलांनी काढलेले कर्ज कसे फिटेल’, ‘तिशीनंतर नोकरी कोण देईल’ आणि ‘गावातले लोक काय म्हणतील’ या तीन निरनिराळ्या भीती आहेत. पहिल्या दोहोंचा हिशेब मांडता येतो: हप्ता किती, महिन्याचा खर्च किती, आजच्या शिक्षणावर कोणते काम मिळू शकते. तिसरीचा हिशेब कधीच जुळत नाही, म्हणून तिला सर्वांत कमी वजन द्यावे, असे मला मनापासून वाटते. निकालाच्या दिवशी मात्र काहीही ठरवू नये. पुढच्या पूर्वपरीक्षेआधीच निर्णयाची तारीख ठरवून ती घरच्यांना सांगावी आणि तोपर्यंत दोन-तीन ठिकाणी अर्ज करून ठेवावेत, कारण मुलाखतीचे एखादे बोलावणे हाती आले की थांबण्याचा विचार पूर्वीइतका भयाण वाटत नाही.