नवसागर : ज्वालामुखीतलं खनिज ओळखायचं आणि वर्गात बसवायचं कसं

ज्वालामुखीच्या वाफेतून जमणारे हॅलाइड क्षार, म्हणजे क्लोरीन-फ्लोरीनसारख्या मूलद्रव्यांचे क्षार, बघायला व्हेसुव्हियस नाहीतर एटनाला जावं लागतं. त्यातला एक मात्र कराडच्या बाजारात मिळतो, नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. काष्ठौषधीच्या दुकानात मागा. दुकानदार एकदा वरून खाली बघेल, कारण गूळ आणि नवसागर म्हटलं की हातभट्टीच आठवते. लॅबसाठी हवाय म्हणायचं आणि थोडाच घ्यायचा. मी कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या लॅबचं सामान सांभाळतो, पोरांचा हात याच खड्यावर बसवतो.

आधी नखाने ओरखडा काढा. लगेच उठतो, मोहसच्या मापात कठीणपणा दीड ते दोन, नखाचा अडीचच्या आसपास. घनता १.५३, मिठाची २.१७, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या खडेमिठापेक्षा हलका लागतो. चव घेऊ नका, बाजारच्या मालात काय मिसळलंय सांगता येत नाही. चमचाभर पूड पाण्यात ढवळली की पेला बाहेरून गार पडतो. मग चिमूटभर पूड खायच्या ओल्या चुन्यात कालवा. मुतारीचा वास भपकन आला की अमोनियम आहे, वाद मिटला. उरलं क्लोराइड. त्याला द्रावणात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब, पांढरा साका बसतो. पाणी मात्र डिस्टिल्ड घ्या. नळाच्या पाण्यालाच साका येतो आणि पोरं उगाच खूश होतात.

खरी मजा परीक्षानळीत आहे. नळी कोरडी हवी. तळाशी थोडी पूड टाका, नळी तिरकी धरा, खिडक्या उघडा आणि फक्त तळ तापवा. पूड वितळत नाही. तळाशी कमी होत जाते आणि वर, काच गार असते तिथे, पांढरा थर चढतो. साधारण ३३८ अंशांना नवसागर अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या वायूंत फुटतो, गार जागी ते दोन्ही पुन्हा जुळतात. ज्वालामुखीच्या फटीतून तापलेली वाफ बाहेरच्या हवेला लागते तिथेही हेच होतं, मध्ये रस होतच नाही. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकतो तेव्हाचा पांढरा धूर तोच.

दाट द्रावणाचा एक थेंब काचपट्टीवर पसरून भिंगाखाली धरा. कडेपासून नेच्याच्या पानासारख्या फांद्या आत सरकत येतात, फांदीला काटकोनात उपफांदी. हा काटकोन वहीत काढून घ्या, कारण स्फटिकप्रणाली घनीय, म्हणजे घडण घनाच्या चौकटीची, असल्याची ती खूण आहे.

आता वर्ग. खनिजांची रासायनिक घडणीवरून विभागणी करणाऱ्या श्ट्रुन्त्सच्या वर्गीकरणात तिसरा वर्ग हॅलाइडांचा. त्यात पाणी नसलेले, साधे, एकास एक प्रमाणाचे क्षार एकत्र येतात. नवसागर तिथे मिठाच्या शेजारी बसतो. धातू नसताना कसा, असं पोरं विचारतात. अमोनियम आयन इथे सोडियम-पोटॅशियमची जागा चालवतो, म्हणून. फरक मांडणीत आहे. मिठात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, इथे प्रत्येक अमोनियमभोवती आठ. १८४ अंशांच्या वर तापवला की नवसागरही मिठाची मांडणी घेतो.

खनिज म्हणून तो दुर्मीळ, कारण पहिल्या पावसात विरघळून जातो. ज्वालामुखी सोडला तर जळत्या कोळशाच्या थरांवर सापडतो. ताजिकिस्तानातलं रावत त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे पाटण-कोयनेच्या बाजूला विहीर खणताना निघालेले पांढरे स्फटिक कुणी नवसागर म्हणून आणले, तर नखाने ओरखडून बघा. उठणार नाही. आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याच्या पोकळ्यांत नंतर झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्ज भरलंय. पाण्यात विरघळणारं तिथे टिकतंय कशाला?

नमुना घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत ठेवा. लोखंडी कपाटात उघडा ठेवलात तर आपल्या पावसाळ्यात कपाटच गंजेल. चिठ्ठीवर ‘खनिज’ लिहू नका. कारखान्यात केलेला माल रसायन म्हणून तोच असला तरी निसर्गात घडलेला नाही. ‘अमोनियम क्लोराइड, बाजारचा, तुलनेसाठी’ एवढंच लिहा.