मुलांसाठी लिहिताय? या चुका टाळा

दर गुरुवारी दुपारी मी पर्वतीच्या पायथ्याजवळच्या एका मराठी शाळेत जाते. तिसरीचा वर्ग, वाचनाचा तास. हातात छापलेलं पुस्तक नसतं. घरी प्रिंटरवर काढलेली कच्ची संहिता आणि पेन्सिल असते. वाचता वाचता वर्ग जिथे हातून सुटतो तिथे समासात फुली मारते. घरी येऊन पाहिलं की बहुतेक फुल्या त्याच त्या चुकांवर पडलेल्या असतात. पुण्यात मुलांसाठी लिहिणारी नवी मंडळी भेटतात, आपलं लिखाण वाचायला देतात, तेव्हा त्यांच्याही पानांवर मला त्याच जागा दिसतात. म्हणून हे लिहिते आहे. लेखनातल्या चुकांबद्दल जास्त बोलणार आहे, कारण त्या छापल्या जातात आणि वर्षानुवर्षं तशाच राहतात.

'सोपं लिहा' याचा एकच अर्थ लावणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. मुलांसाठी लिहायचं म्हणून लेखक अवघड शब्द काढून टाकतो. पण अवघड कुणाला? कानाला की डोळ्याला?

'स्वच्छ' हा शब्द बालवाडीतल्या मुलालाही कळतो. मात्र नुकतं वाचायला लागलेल्या मुलापुढे तो छापून ठेवला तर दोन्ही अक्षरं जोडाक्षरं, तो तिथेच अडतो. उलट 'गडगडत' पाच अक्षरांचा, पण बोट ठेवून सरळ वाचता येतो. म्हणजे लांबी आणि अवघडपणा यांचा संबंध आपण समजतो तसा नाही.

पुण्यात आज ही गोष्ट आणखी महत्त्वाची झाली आहे. घरात मराठी आणि शाळा इंग्रजी, अशी कितीतरी मुलं आहेत. पाचवीतला मुलगा देवनागरी ओळ अडखळत वाचतो, पण आजीने वाचून दाखवलं तर 'हिरमुसला', 'चडफडला', 'ओशाळला' यांतलं सगळं त्याला समजतं. त्याची मराठी कानात आहे, डोळ्यांत अजून उतरलेली नाही. अशा मुलासाठी आपण 'हिरमुसला' काढून 'दुःखी झाला' लिहितो. त्याच्या कानातला भरलेला शब्द काढून घेतो, आणि डोळ्यांना 'दुः' हे विसर्गाचं अक्षर देतो. दोन्हीकडून तोटा.

उपाय: पहिली ओळ लिहिण्याआधीच ठरवा, हे पुस्तक मूल स्वतः वाचणार आहे की त्याला कुणी वाचून दाखवणार आहे. स्वतः वाचायचं असेल तर ओळीत पाच-सहा शब्द आणि मोजकी जोडाक्षरं ठेवा. एखादं जोडाक्षर लागलंच, समजा 'चक्कर', तर ते एकदा येऊन गायब होऊ देऊ नका. दोन-तीन पानांवर पुन्हा येऊ द्या, म्हणजे तिसऱ्या वेळी मूल ते लांबूनच ओळखतं. वाचून दाखवायचं असेल तर शब्द अजिबात पातळ करू नका.

आणि मराठीकडे जे भरपूर आहे ते वापरा. खार सुर्रकन चढते, बेडूक टुणकन उडी मारतो, साप सुळकन निघून जातो, फणस धप्पकन पडतो. 'जोरात', 'पटकन', 'हळूच' या तीन शब्दांवर सगळी गोष्ट चालवलेली संहिता माझ्याकडे आली, की मी ते तीनही शब्द अधोरेखित करून परत देते. फक्त परिच्छेदाला असा एखादाच नादाचा शब्द पुरे. सगळीकडे धपाधप सुरू झालं की कुणाचंच काही ऐकू येत नाही.

वर्ग शांत बसला म्हणजे गोष्ट आवडली, असं समजणं

आपल्याकडची मुलं बाईंच्या धाकाने शांत बसतात. ती शांतता लेखकाची कमाई नाही. मी पहिली काही वर्षं याच समजुतीत होते आणि तेव्हाच्या दोन पुस्तकांची सुरुवात आजही मला बोचते.

काय तपासायचं ते सांगते. पहिल्या दोन मिनिटांतच चुळबुळ सुरू झाली, तर गोष्ट सुरू व्हायला उशीर झालाय. गाव, घर, हवा आणि आजोबांच्या मिशा यांचं वर्णन काढून थेट घटनेवर या. मधेच लक्ष उडालं, तर बहुतेक वेळा नावं जास्त झालेली असतात. तिसरीच्या वर्गात एका बैठकीत चारपेक्षा जास्त पात्रांची नावं टिकत नाहीत असा माझा अनुभव आहे. शेवट झाल्यावर सगळे तुमच्याकडे तसेच बघत राहिले, तर त्यांना तो शेवट वाटलेलाच नाही. आणि एखाद्या वाक्यावर तुमचीच जीभ अडकली, तर दोष जिभेचा नाही, वाक्य मोडून दोन करा. 'जेणेकरून', 'परंतु', 'त्यानंतर' हे शब्द मोठ्याने वाचताना आपणहून गळून पडतात. ते गळू द्या.

सगळ्यात खरी परीक्षा आठ दिवसांनी होते. पुढच्या गुरुवारी मी गोष्ट वाचत नाही, मुलांना सांगायला लावते. त्यांनी जे गाळलं ते मी बहुतेक वेळा संहितेतूनही गाळते. त्यांनी जे स्वतःचं घातलं ते वहीत लिहून ठेवते. एकदा एका मुलीने माझ्या गोष्टीतल्या म्हातारीला काठी दिली. संहितेत काठीच नव्हती. पण ती म्हातारी रात्रीची एकटी ओढ्यापर्यंत चालत जाते, मग आधाराला काहीतरी हवंच ना, असं तिचं म्हणणं होतं. छापील पुस्तकात आता काठी आहे.

वर्ग मिळत नसेल तर सोसायटीतली चार मुलंही चालतात. स्वतःची मुलं, भाचे-पुतणे मात्र नकोत, ती आपल्याला सांभाळून घेतात. तेही जमलं नाही तर संहिता दुसऱ्या कुणाच्या हातात द्या, पूर्वतयारी न करता मोठ्याने वाचायला सांगा आणि फक्त ऐका. ती व्यक्ती जिथे थांबून मागे जाते, तिथे काम बाकी आहे.

माहिती कवितांमधून उचलणं

'कोकिळा गाते' हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, म्हणून तसंच लिहितो. कुहू कुहू करतो तो काळाभोर नर, कोकीळ. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके असलेली, आणि तिचा आवाज गोड म्हणावा असा नसतो. ती घरटं बांधत नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. हे न तपासता मी घरट्यात बसून पिल्लांना गाणं शिकवणारी कोकिळा आई लिहिली होती. छापून आल्यावर चौथीतल्या एका मुलाने उठून विचारलं, "पण तिचं घरटं कुठून आलं?" गोष्टीत प्राणी बोलू शकतात, कपडे घालू शकतात, ते मुलं आनंदाने मान्य करतात. खऱ्या जगाबद्दल आपण चुकीचं सांगितलं, हे मात्र ती विसरत नाहीत. आता माझी प्रत्येक गोष्ट छापायला जाण्याआधी त्या विषयातल्या माणसाकडे जाते. पक्षी असतील तर पक्षिनिरीक्षकाकडे, कुंभार असेल तर कुंभाराकडे.

चित्रात जे दिसणार आहे तेच शब्दांत सांगणं

'लाल फ्रॉक घातलेली, दोन वेण्यांची मनू खिडकीत बसली होती.' चित्रात फ्रॉक लाल आहे, वेण्या दोन आहेत, खिडकीही आहे. मग शब्दांनी काय केलं? मनू कुणाची वाट बघतेय, ते सांगायला ही ओळ हवी होती. मजकूर चित्रकाराकडे पाठवण्याआधी प्रत्येक वाक्यापुढे 'हे काढता येईल का?' असं लिहून बघा. उत्तर 'हो' असेल तर ते वाक्य चित्रसूचनेत टाका आणि मजकुरातून काढा.

उलट बाजूची चूक म्हणजे काहीच न कळवणं. चित्रकार दुसऱ्या शहरातली असेल तर 'वाडा' म्हटल्यावर ती हवेली काढेल. कसबा पेठेत, सदाशिव पेठेत अजून जे वाडे उभे आहेत त्यांचे दिंडीदरवाजाचे, चौकाचे, लाकडी जिन्याचे फोटो काढून पाठवा. तुळशीबागेतलं दुकान हवं असेल तर सकाळी दुकानं उघडत असताना जाऊन या. आणि हे सगळं दिल्यावर बाजूला व्हा, चित्र तिला काढू द्या. तिचं नाव मुखपृष्ठावर तुमच्या नावाइतकंच ठळक असावं, हा आग्रह लेखकानेच धरायला हवा. प्रकाशकाला आपणहून ते सुचेलच असं नाही.

पानांचं गणित न करणं ही इथलीच चूक. छपाईत साधारणपणे सोळा पानांचा फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडली जाणारी पानं) धरतात, आणि मधे पिन मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीतच होतात. मी ए-फोर आकाराचे सहा कागद मधोमध दुमडून चोवीस पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, करते. त्यातलं शीर्षकाचं पान, श्रेयनामावलीचं पान आणि शेवटचं पान वजा केलं की गोष्टीला एकवीस उरतात. पहिलं पान उजव्या हाताला येतं, म्हणून विषम आकडे कायम उजवीकडे. प्रश्न उजव्या पानाच्या शेवटी आणि उत्तर पान उलटल्यावर डावीकडे आलं पाहिजे. दार ढकललं, आत कोण होतं? पान उलटा. हेच दोन्ही समोरासमोर आले तर मूल आधी चित्र बघतं आणि गुपित फुटतं. संगणकावर सलग मजकूर वाचताना ही चूक कधीच दिसत नाही.

प्रूफ फक्त शुद्धलेखनासाठी वाचणं

आपण युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-संगणकावर सर्रास चालणाऱ्या प्रणालीत, लिहितो. अक्षरजुळणी करणारे बरेचजण अजून श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टप्रणालीत काम करतात, ती तर पुण्यातच घडली. मजकूर एकातून दुसऱ्यात नेला की काही अक्षरं वाटेत बदलतात. सगळ्यात आधी 'ऱ्य' तपासा. 'आचाऱ्यांना लाडू वळायला सांगितले' याचं 'आचार्यांना लाडू वळायला सांगितले' झालं तर स्वयंपाकघरात गुरुजी येऊन बसतात. 'दऱ्या', 'सुऱ्या', 'बिचाऱ्या' हे शब्द शोधून शोधून बघा. मग रफार, 'ॲ' आणि 'ऑ', आणि गळालेले अनुस्वार.

अक्षराच्या आकाराकडेही लक्ष द्या. फॉन्ट हिंदी वळणाचा निवडला गेला तर ल आणि श वेगळे दिसतात. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श लिहावा असं २०२२ च्या शासन निर्णयातही आलं आहे. मोठ्या माणसाला फरक जाणवत नाही. पण वर्षभरापूर्वीच अक्षरं गिरवलेल्या मुलाला ते अनोळखी अक्षर वाटतं. लहानांच्या पुस्तकात ओळीच्या शेवटी शब्द तोडून पुढच्या ओळीत नेलेला मी कधीही चालवून घेत नाही.

आणि शेवटचं प्रूफ कागदावरच मागा. पडद्यावर चुका लपतात.

'सर्व हक्क' लिहिलेल्या कागदावर आनंदाच्या भरात सही करणं

पहिलं पुस्तक येतंय या आनंदात मी तेच केलं. एकरकमी मानधन घेतलं आणि पुढे त्या पुस्तकाच्या किती आवृत्त्या निघाल्या ते मला दुकानातल्या प्रती बघून कळलं. नंतर कॉपीराइट कायदा, १९५७ समजून घेतला. हक्क देण्याचा करार लेखी असावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. म्हणून मुदत, भाषा, आवृत्तीतल्या प्रतींची संख्या, ई-बुक आणि ऑडिओचे हक्क हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. चित्रांचे हक्क वेगळे असतात, ते तुमच्या करारात आपोआप येत नाहीत. अनुवाद निघायची वेळ आली की हे आठवतं आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

प्रत्येक शाळेला 'हो' म्हणणं

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, १४ नोव्हेंबरचा बालदिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. या तारखांच्या आधी फोन सुरू होतात, आणि डिसेंबरात स्नेहसंमेलनांचे. दिवाळी अंकांसाठी लिहायचं ते पावसाळ्यात. सगळ्यांना हो म्हटलं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी नवं काही लिहून होत नाही. मी पहाटे साडेपाच ते आठ लिहिते, तेवढ्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत असतो. शाळा आठवड्यातून एकच घेते, आणि त्या गुरुवारला हात लावत नाही.

एका शाळेत पाचशे मुलं मैदानावर उन्हात बसवली होती, पहिलीपासून दहावीपर्यंत. माईक खरखरत होता. पहिलीच्या मुलांना गोष्ट ऐकूच आली नाही, दहावीच्यांना ती बालिश वाटली, आणि मला दोघांचीही माफी मागावीशी वाटली. तेव्हापासून फोन आला की आधी विचारते: इयत्ता कोणती, मुलं किती, बसायला सतरंजी आहे का, मानधन किती आणि कधी. मानधनाचं विचारताना संकोच वाटतो, मान्य आहे. तरी विचारा, नाहीतर पुढच्या लेखकालाही फुकट बोलावतात. मग सांगते की एकच वर्ग द्या, माईक नको.

परवा सहकारनगरातल्या एका शाळेने अडतीस मुलं दिली. सतरंजीवर बसून दोन गोष्टी झाल्या, तिसरी अर्ध्यावर असताना घंटा वाजली. कुणी उठलं नाही. दाराशी गणिताच्या बाई पुस्तक घेऊन उभ्या होत्या. त्या आत आल्या, शेवटच्या ओळीत सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चालू द्या."