आदल्या दिवशी सांगून या: नागपुरात पाहुण्यांना तर्री-पोह्याला नेताना

मागच्या डिसेंबरात पुण्याचे पाहुणे, नणंदेकडचे आणि आम्ही घरचे असे सतरा जण रविवारी सकाळी तर्री-पोहे, म्हणजे वरून काळ्या चण्यांचा तिखट लाल रस्सा घातलेले पोहे, खायला गेलो आणि मी सगळ्यांची सकाळ वाया घालवली. यंदा तेच पाहुणे पुन्हा येतायत, म्हणून काय काय करायचं ते लिहून काढतेय, तुमच्याकडे पण कोणी येणार असेल तर कामी येईल.

सगळ्यात पहिलं म्हणजे ज्याच्या ठेल्यावर जायचंय त्याला आदल्या दिवशी जाऊन सांगून या. बाकी यादी विसरलात तरी चालेल पण हे विसरू नका. आम्ही सात वाजता सतरा जण जाऊन उभे राहिलो, ठेलेवाल्या भाऊनं हसून प्लेटा लावायला सुरुवात केली, दहावी-अकरावी प्लेट गेली असेल आणि पळी तर्रीच्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाला लागून खर्रकन आवाज आला. मी वाकून पाहिलं तर वरचा लाल तवंग कधीच संपला होता, बुडाशी मसाल्याचा गाळ आणि चार-पाच चणे. पोहे होते, चांगले परातभर होते, पण तर्री नाही तर ते पोहे कोण खाणार! भाऊ म्हणाला, "ताई, काल सांगितलं असतं तं चणे जास्त भिजवले असते, आता कुठून आणू?" त्याच वेळी दोन ऑटोवाले येऊन उभे राहिले, रोजचे असावेत, कारण त्यांनी काही न मागता हात पुढे केला आणि मग "काहून भाऊ, सात वाजताच संपली?" म्हणून रिकाम्या पोटी निघून गेले. मला ते फार लागलं. आमच्यातले सहा जण उपाशी राहिले, आम्ही तिथून उठून एका मॉलच्या फूडकोर्टात गेलो आणि जे पैसे भाऊच्या गल्ल्यात जायला हवे होते ते तिथे घालून आलो.

आता हे समजून घ्या की आदल्या दिवशीच का. पोहे भिजवायला दहा मिनिटं पुरतात, कांदा कापता येतो, आलुबोंडे पटकन तळून निघतात, पण तर्रीतले काळे चणे रात्रभर भिजावे लागतात, सकाळी सहाला ठरवून ते होत नाही. पाणी टाकून तर्री वाढवली तर ती तर्री राहत नाही आणि चांगला ठेलेवाला असं करतही नाही. शिवाय हिशोब उलटा असतो, पोहे माणशी एकच प्लेट लागतात पण तर्री प्रत्येक जण दोन-तीनदा मागतो, "भाऊ, थोडी मारा अजून" हे सतरा तोंडांनी झालं की गंज रिकामा. म्हणून सांगताना माणसं किती ते सांगाच, वरून तर्री जास्त लागेल हेही सांगा.

आणि फोनवर नाही, जाऊन सांगा. गिऱ्हाइकांच्या गर्दीत फोन केला तर "हो हो ताई, या ना" म्हणतो आणि पुढच्या प्लेटला लागतो, त्यात त्याचा काय दोष. तो सामान आवरत असतो तेव्हा, म्हणजे सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जा, कारण तिथून तो किराणा घेऊनच घरी जातो आणि संध्याकाळी चणे भिजत घालतो. रात्री आठला आठवण झाली तर उशीर झालाय. निम्मे पैसे हातात देऊन या, तो नको म्हणेल तरी द्या, तुम्ही आला नाहीत तर सतरा जणांची तर्री त्याच्या अंगावर पडते. माणसं कमी झाली तर संध्याकाळच्या आत कळवा. कळवायला उशीर झाला तर ठरलेले पैसे पूर्ण द्या आणि त्यावर वाद घालू नका.

वेळ त्यालाच विचारा. ऑटोवाले, हमाल, पेपरवाले, कामावर जाणारे सगळे सात-साडेसातला येतात, ती त्याची रोजची रोजी आहे, आपण त्यांच्या मध्ये घुसायचं नाही. रविवारी अंबाझरीकडून, सेमिनरी हिल्सकडून फिरून येणारे आणि सायकलवाले पण त्याच वेळेला टपकतात. साडेआठ बरं पडतं, उन्ह पण आलेलं असतं. थंडीचं सांगायला नको, स्वेटर घाला, पुण्याच्या लोकांना वाटतं नागपूर म्हणजे बाराही महिने उन्हाळा, पण 2018 च्या डिसेंबरात इथे पारा 3.5 पर्यंत उतरला होता. म्हाताऱ्या माणसांना कानटोपी. अधिवेशनाचे दिवस असतील आणि कामाच्या दिवशी जात असाल तर विधानभवन आणि सिताबर्डीकडे कार घालूच नका, मोर्चे असतात, रस्ते बंद असतात, मेट्रोनं जा, चालत फिरा.

बसायचं बघून ठेवा. सांगायला जाल तेव्हाच स्टूल किती आहेत ते मोजा, ठेल्यावर चार-पाचच असतात. आमच्या आत्याबाईंचे गुडघे दुखतात, त्या पूर्ण वेळ उभ्या होत्या आणि मला तिथे जाऊन ते सुचलं. दोन घडीच्या खुर्च्या डिक्कीत टाका. बाजूच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसणार असाल तर उठताना ती पुसून या, नाहीतर दुकानदार येऊन भाऊलाच बोलतो.

सतरा प्लेटा एकदम मागू नका. थंडीत पोहे पाच मिनिटांत गार होऊन चिवट होतात, मग कोणीतरी म्हणतं "एवढं काय खास आहे यात". पाच-पाच जणांनी घ्या, आधी मुलं आणि म्हातारी, गरम गरम हातात पडली पाहिजे. तिखटाचं आधी सांगा, तर्री वेगळ्या वाटीत मागा, थोडी थोडी घालून खाऊ द्या, वर शेव, कच्चा कांदा आणि लिंबू असलं की पहिल्यांदा खाणाऱ्याला पण झेपतं. लहान मुलांना नुसते पोहे. पाहुण्यांना हेही सांगून ठेवा की इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्या पुण्याच्या वहिनी "सांबार टाकू का" ऐकून डाळीच्या सांबाराची वाट बघत राहिल्या.

म्हणजे सांगायला जाल तेव्हा एवढं सगळं एकाच फेरीत होतं बघा, माणसं, तर्री, वेळ, स्टूल, निम्मे पैसे. पंधरा मिनिटांचं काम आहे. मी ती पंधरा मिनिटं वाचवली आणि काय झालं ते वर लिहिलंय.

पैसे एकानंच द्या. यूपीआय सगळीकडे चालतं, पण सतरा जणांनी आपापला क्यूआर स्कॅन केला की त्याला प्रत्येक वेळी हात पुसून मोबाइल बघावा लागतो आणि इकडे कढईत बोंडे करपतात. थोडी रोख ठेवा, सुट्टे ठेवा. आणि "एवढ्या प्लेटा घेतोय, काही कमी करा" हे बिलकुल म्हणायचं नाही. आपण एकदा येणार, चण्याचे आणि सिलिंडरचे भाव त्याला रोज आहेत. चहा शेजारच्या टपरीवर प्या, तिथल्यालाही दोन पैसे मिळू द्या, आणि त्यालाही आदल्या दिवशी सांगून ठेवा, सतरा कटिंग म्हणजे दूध जास्त लागतं.

घरून स्टीलचे डबे न्या, झाकण घट्ट बसणारे. मागे राहिलेल्यांसाठी तर्री न्यावीच लागते आणि गरम तर्री पातळ पिशवीत बांधून घ्यायची मला किळस येते, शिवाय 2018 पासून राज्यात प्लास्टिकच्या कॅरीबॅगला बंदी आहे, पकडलं तर दंड त्या गरिबाला बसतो. पिण्याचं पाणी सोबत. कागदी रुमाल. कचऱ्याला एक पोतं, उठताना आपल्या प्लेटा आपण गोळा करायच्या.

संध्याकाळी पुन्हा बाहेर खायचं असेल तर सांबारवडी. हिवाळ्यात कोथिंबीर स्वस्त आणि कोवळी असते, हाच तिचा मोसम. पण ती पण गुंडाळून ताजी तळावी लागते, गोकुळपेठेत असो की महालात, दहाच्या वर लागणार असतील तर तिथेही आदल्या दिवशी सांगून या. होय, तेच पुन्हा. सावजी त्याच दिवशी नको, सकाळी तर्री आणि रात्री सावजी रस्सा हे पोटाला जड होतं, त्याला दुसरा दिवस द्या आणि शाकाहारी असतील त्यांच्यासाठी पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, आहे का ते आधी विचारा.

संत्री शेवटी घ्या, आधी घेतली तर हातात ओझं. डिसेंबरात अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात निघणाऱ्या पिकाची, मिळतात, रस्त्याकडेच्या टोपलीवाल्या बाईकडून घ्या, एक सोलून खाऊन बघा मग डझनानं.

बाकी गाड्या कुठे लावायच्या, कोण कोणासोबत बसणार, ते तुमचं तुम्ही बघा. आमचे पाहुणे शनिवारी दुपारी येतायत, यंदा एकोणीस जण आहेत. शनिवारी सकाळी साडेनऊला मी ठेल्यावर जाणार आहे, निम्मे पैसे पाकिटात काढून ठेवलेत.