दिल्लीची आडवाट: ऋतू, वार आणि दिशा पाहून सहल कशी आखावी

कामानिमित्त किंवा नातेवाइकांकडे दिल्लीला गेलेला मराठी माणूस लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट आणि अक्षरधाम दोन दिवसांत उरकतो, तिसरा दिवस सरोजिनी नगरच्या बाजारात घालवतो आणि परतताना ‘दिल्ली झाली’ असे म्हणतो. त्यानंतरही ज्यांच्या हाताशी एखाददुसरा मोकळा दिवस उरतो, किंवा नोकरीमुळे ज्यांचा मुक्कामच तेथे पडला आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. आडवाटेच्या ठिकाणांच्या याद्या कोठेही मिळतात; मात्र त्या घेऊन निघालेला माणूस बहुधा बंद दारापाशी, भर उन्हात किंवा शहराच्या दोन टोकांमधल्या वाहतुकीत अडकतो. म्हणून ठिकाण शेवटी ठरवावे. त्याआधी ऋतू, मग वार आणि मग दिशा पाहावी.

ऋतूचे गणित सोपे आहे. पायी भटकण्यासाठी फेब्रुवारी आणि मार्चचा पूर्वार्ध हा सर्वांत चांगला काळ होय. ऑक्टोबरही चांगला असतो, पण दिवाळीच्या आगेमागे हवा बिघडू लागते आणि नोव्हेंबरमध्ये दम्याच्या रुग्णाने किंवा लहान मुलांनी दिवसभर उघड्यावर फिरणे शहाणपणाचे नसते. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत धुके दाटते; तेव्हा शहरातील ठिकाणे सकाळी दहानंतर पाहावीत आणि बाहेरगावच्या प्रवासाला वेळ राखून ठेवावा. मे-जूनमध्ये मात्र सूर्योदयाला निघून साडेनऊच्या आत घरी परतावे, नाहीतर तो दिवस संग्रहालयाला द्यावा.

वाराकडे दुर्लक्ष करणे सर्वांत महागात पडते. लाल किल्ला आणि बहुतेक सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात, तर सुलतानपूरचे पक्षी उद्यान मंगळवारी बंद असते. फिरोजशाह कोटला हा पडका किल्ला गुरुवारीच पाहावा, त्याचे कारण पुढे येईल. जुन्या पुस्तकांचा प्रसिद्ध बाजार रविवारी भरतो. अनेक जण अजूनही त्याच्या शोधात दर्यागंजच्या पदपथावर हिंडतात, पण २०१९पासून तो आसफ अली रोडवरील महिला हाट येथे भरतो. दिल्ली गेट मेट्रो स्थानकावरून तेथे चालत जाता येते. दिशा ठरवताना मेट्रोचा नकाशा समोर ठेवावा आणि एका दिवसात एकाच मार्गिकेच्या आसपासची ठिकाणे घ्यावीत.

पहिला दिवस मेहरौलीला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कुतुबमिनारच्या कुंपणाला लागूनच मेहरौली पुरातत्त्व उद्यान आहे. मिनार पाहायला आलेल्या गर्दीचा शतांशही तिकडे वळत नाही, आणि प्रवेशाला तिकीटही लागत नाही. पिवळ्या मार्गिकेवरील कुतुबमिनार स्थानकावर उतरून रिक्षावाल्याला ‘अहिंसा स्थल’ सांगावे. उद्यानाचे दार तेथून जवळ आहे. आत शिरल्यावर प्रथम जमाली-कमाली ही लोदीकाळाच्या अखेरीस आणि मोगलांच्या आरंभी घडलेली मशीद लागते. शेजारच्या लहानशा चौकोनी कबरीचे दार बऱ्याचदा कुलूपबंद असते, पण पहारेकऱ्याला नम्रपणे विनंती केल्यास ते उघडले जाण्याची शक्यता असते, आणि आतील निळ्या-तांबड्या नक्षीचे छत पाहिल्यावर त्या विनंतीचे सार्थक होते. पुढे सुलतान बल्बनची पडकी कबर आहे. एकावर एक दगड पुढे सरकवत नेऊन केलेल्या आभासी कमानींऐवजी, पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना रेटून धरतात अशी खरी कमान भारतात प्रथम येथेच टिकून राहिलेली दिसते, असे मानले जाते. तेराव्या शतकातील हे बांधकाम वास्तुकलेची आवड असणाऱ्याने घाईने ओलांडू नये.

त्यानंतर येते ‘राजों की बावली’. आपण जिला बारव म्हणतो तिला येथे बावली म्हणतात, आणि नावातले ‘राज’ म्हणजे राजे नव्हेत, तर गवंडी. सिकंदर लोदीच्या काळात, १५०६ साली बांधलेली ही चार मजली बारव कॅनॉट प्लेसजवळच्या अग्रसेनाच्या बावलीपेक्षा माझ्या मते अधिक देखणी आहे. अग्रसेनाच्या बावलीत आता छायाचित्रे काढणाऱ्यांच्या रांगेतून वाट काढावी लागते. येथे पायऱ्यांवर निवांत बसता येते. उद्यानातच कुली खानाची कबर आहे. तिच्यात एकोणिसाव्या शतकात थॉमस मेटकाफ या इंग्रज रेसिडेंटने आपला उन्हाळी बंगला थाटला, त्याला ‘दिलकुशा’ असे नाव दिले आणि नवविवाहित जोडप्यांना तो भाड्यानेही दिला. कबरीत मधुचंद्र करण्याची ही कल्पना आज विचित्र वाटते, पण मेटकाफला त्यात काही वावगे दिसले नसावे.

येथून मेहरौली गावात शिरावे. बहुतेक जण उद्यानातूनच परततात आणि आपल्या इतिहासाशी सर्वांत जवळचे नाते सांगणारी जागा पाहायची राहून जाते. जफर महल हा मोगलांचा अखेरचा उन्हाळी महाल आता पडक्या अवस्थेत आहे. त्याच्या आवारातील छोट्या संगमरवरी मोती मशिदीलगत शाह आलम दुसरा याची कबर आहे. १७७२ साली महादजी शिंद्यांच्या फौजेच्या सोबतीने दिल्लीत परतलेला आणि १७८८मध्ये गुलाम कादिरने डोळे काढल्यावर पुन्हा महादजींच्याच आश्रयाने तख्तावर राहिलेला बादशहा तो हाच. त्याच्या शेजारी थोडी मोकळी जागा दिसते. ती बहादूरशाह जफरने स्वतःसाठी राखून ठेवली होती, पण १८६२मध्ये त्याला रंगूनला मूठमाती मिळाली आणि ती जागा रिकामीच राहिली. एवढे पाहून झाल्यावर पाय शिल्लक असतील तर इल्तुतमिशने बांधलेल्या हौज-ए-शम्सी तलावाच्या काठी, जहाज महालाजवळ दिवस संपवावा. या साऱ्याला चार ते पाच तास पुरतात. सोबत पाणी घ्यावे, कारण उद्यानात ते मिळेलच याची खात्री नसते.

तुघलकाबाद हा त्यामानाने अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम आहे आणि तो मेहरौलीला जोडू नये. ‘तुघलकाबाद’ नावाचे मेट्रो स्थानक असले तरी किल्ला तेथूनही काही किलोमीटरवर आहे, म्हणून जांभळ्या मार्गिकेवरील गोविंदपुरीला उतरून रिक्षा करणेही तितकेच सोयीचे पडते. गियासुद्दीन तुघलकाने १३२१च्या सुमारास हा किल्ला हाती घेतला आणि पुढे काही वर्षांतच तो ओस पडला. निजामुद्दीन अवलियांच्या ‘या रहे उज्जड, या बसे गुज्जर’ या शापाची कथा येथे हमखास ऐकायला मिळते, मात्र पाण्याची टंचाई हे कारण अधिक पटण्यासारखे आहे. रस्त्यापलीकडे गियासुद्दीनची तांबड्या दगडाची आणि पांढऱ्या संगमरवराची कबर आहे. मूळची ती एका कृत्रिम तलावात होती आणि किल्ल्याला दगडी सेतूने जोडलेली होती. त्याचा मुलगा महंमद याने १३२७मध्ये राजधानी आपल्या देवगिरीला नेली. ज्याने दौलताबादचा किल्ला पाहिला आहे, त्याने येथील आत झुकलेल्या, अजस्र तटबंदीसमोर उभे राहून त्या स्थलांतराचा विचार अवश्य करावा. किल्ल्यात माकडे फार आहेत, तेव्हा हातात खाण्याची पिशवी ठेवू नये. शिवाय आतील भाग निर्जन असल्याने एकट्याने, विशेषतः दुपारनंतर, फार आत जाणे टाळावे. पावसाळ्यानंतर किल्ला हिरवागार दिसतो, पण गवतात लपलेल्या उघड्या विहिरी आणि खड्डे यांमुळे पायवाट सोडू नये.

फिरोजशाह कोटला गुरुवारी पाहावा, असे वर म्हटले आहे. त्या दिवशी दुपारपासून शेकडो माणसे, त्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही, जिन म्हणजे इस्लामी श्रद्धेतील अदृश्य जीव, त्यांना उद्देशून लिहिलेले अर्ज घेऊन येथे येतात. कोर्टकचेरी, आजारपण, मुलीचे लग्न अशी गाऱ्हाणी कागदावर लिहून त्यांच्या प्रती वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवल्या जातात, उदबत्त्या आणि पणत्या लावल्या जातात. तेथे जाणाऱ्याने हे कागद वाचू नयेत आणि माणसांची छायाचित्रे न विचारता घेऊ नयेत. याच अवशेषांत पायऱ्यापायऱ्यांच्या इमारतीवर अशोकाचा स्तंभ उभा आहे. सुलतान फिरोजशाह तुघलकाने तो हरियाणातील टोपरा गावाहून कापसात आणि वेतात गुंडाळून, अनेक चाकांच्या गाड्यावरून यमुनेपर्यंत व पुढे नावेतून आणवला. त्यावरचे लेखन मात्र त्याच्या पदरच्या एकाही पंडिताला वाचता आले नाही. ते १८३७मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडल्यावर कळले.

फिरोजशाहने मेरठहून आणलेला दुसरा स्तंभ उत्तरेकडील रिजवर, म्हणजे टेकडीच्या कण्यावर आहे, आणि ती संपूर्ण टेकडी हिवाळ्यातील सकाळच्या तीन किलोमीटरांच्या चालण्यासाठी उत्तम आहे. विधानसभा स्थानकावरून फ्लॅगस्टाफ टॉवरपर्यंत जावे आणि तेथून दक्षिणेकडे चालत राहावे. वाटेत चौबुर्जी, मग पीर गायब ही तुघलककालीन वास्तू, मग तो स्तंभ लागतो. पीर गायब ज्या इस्पितळाच्या आवारात आहे त्याचे नाव हिंदुराव. दिल्लीकर ते रोज उच्चारतात, पण हे हिंदुराव म्हणजे कागलच्या घाटगे घराण्यातील, दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू होत, हे तेथे फार थोड्यांना ठाऊक असते. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५मध्ये खून झाल्यावर त्याची कोठी हिंदुरावांकडे आली, आणि १८५७च्या वेढ्यात इंग्रजांनी याच कोठीचा आघाडीचे ठाणे म्हणून उपयोग केला. चालणे अजितगढ या १८५७च्या स्मारकापाशी संपवावे. इंग्रजांनी उभारलेल्या त्या मनोऱ्यावर ज्यांना ‘शत्रू’ म्हटले आहे ते देशाचे हुतात्मे होते, असा खुलासा करणारा फलक १९७२मध्ये लावण्यात आला. दोन्ही मजकूर एकमेकांशेजारी वाचणे हाच तेथील खरा अनुभव आहे.

रिजनंतर उत्साह असेल तर गुरू तेग बहादूर नगर स्थानकावरून रिक्षाने कोरोनेशन पार्कला जाता येते. इंडिया गेटच्या छत्रीखालून हलवलेला पंचम जॉर्जचा पुतळा आणि आणखी काही बेवारस व्हाइसरॉय तेथे उभे आहेत. १२ डिसेंबर १९११ च्या दरबारात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी बादशहाला पुरेसे वाकून मुजरा न करता पाठ फिरवली आणि इंग्लंडभर गदारोळ उठला, तो दरबार याच माळावर भरला होता. बाग म्हणून ही जागा सामान्य आहे. तासाभराहून अधिक वेळ तिला देऊ नये.

पक्षी पाहण्याची आवड असणाऱ्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारीत सुलतानपूर गाठावे. गुरुग्रामच्या पुढे असलेला हा पाणथळ प्रदेश २०२१पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे आणि पट्टकदंब, चित्रबलाक, सारस व नीलगाय तेथे सहज दिसतात. मेट्रो तेथवर जात नसल्याने गुरुग्रामहून गाडी करावी व उद्यान उघडण्याच्या वेळीच पोहोचावे. इतका प्रवास नको असेल तर काश्मिरी गेटजवळच्या यमुना घाटावर पहाटे नाव करावी. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवेच्या थवे नावेभोवती घिरट्या घालतात. नावाडी शेवेच्या पुड्या विकतात, पण तळलेली शेव पक्ष्यांना घातक असते, तेव्हा ती घेऊ नये. पाण्याला वास येतो, हेही आधीच सांगितलेले बरे. परतताना चांदणी चौकात, केवळ थंडीत मिळणारी ‘दौलत की चाट’ खावी. नाव चाट असले तरी हा दुधाच्या फेसाचा गोड पदार्थ आहे.

पावसाचा किंवा अति उन्हाचा दिवस पालममधील सुलभ शौचालय संग्रहालयात चांगला जातो; बिंदेश्वर पाठक यांनी उभारलेल्या या संग्रहालयाला मुले हसत जातात आणि बरेच काही शिकून येतात. राष्ट्रपती भवनाच्या मागे असलेल्या तालकटोरा बागेत पाहण्यासारखे फार काही नाही, पण १७३७मध्ये पहिल्या बाजीरावांनी दिल्लीवर धडक मारली तेव्हाची चकमक याच परिसरात झाली, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये अठ्ठ्याण्णवावे मराठी साहित्य संमेलन शेजारच्या स्टेडियममध्ये भरले होते. कॅनॉट प्लेसला जाताना येथे अर्धा तास थांबावे.

दिल्लीबाहेर एकच दिवस जायचे असेल तर पानिपतला जावे. अंतर सुमारे नव्वद किलोमीटर आहे आणि नवी दिल्लीहून रेल्वेने ते दीड-दोन तासांत गाठता येते. स्थानकावरून दिवसभरासाठी रिक्षा ठरवून प्रथम शहराबाहेरील काला आम येथील स्मारक पाहावे. शेतांच्या मधोमध असलेल्या त्या बागेत विटांचा एक स्तंभ आहे. तेथे गडबड न करता बसावे. नंतर शहरातील इब्राहिम लोदीची कबर आणि मराठ्यांच्या आठवणीशी जोडलेले देवीचे मंदिर पाहून घ्यावे. १४ जानेवारीला काला आमला महाराष्ट्रातून आणि हरियाणातून लोक जमतात, त्या दिवशी गेल्यास एकटे वाटत नाही, पण नेमके तेव्हाच धुके सर्वांत दाट असते आणि परतीच्या गाड्यांना तासन्‌तास उशीर होतो. अशा वेळी रेल्वेच्या भरवशावर न राहता दुपारी चारच्या आत हरियाणा रोडवेजची बस धरावी. ती काश्मिरी गेटच्या आंतरराज्य बस स्थानकावर सोडते आणि तेथून लाल, पिवळी व जांभळी अशा मेट्रोच्या तिन्ही मार्गिका मिळतात.