तीन पिढ्यांना घेऊन क्रीटला जाताना: आधी घर ठरवा, मग बाकी सगळं

ग्रीसच्या क्रीट बेटावर आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना कसं न्यावं, यावर जे सल्ले वाचायला मिळतात ते बहुतेक तरुण जोडप्यांसाठी लिहिलेले असतात. शेवटी ‘ज्येष्ठांनाही आवडेल’ असं एक वाक्य जोडलं की झालं काम. हे बेट पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर लांब आहे आणि मधे उंच डोंगर आहेत. ‘सात दिवसांत संपूर्ण क्रीट’ असा कार्यक्रम कुणी हातात ठेवला तर तो सरळ बाजूला ठेवा. एकच मुक्काम धरा, फार तर दोन.

1. तारखा आणि व्हिसा

मे अखेर ते मध्य जून, नाहीतर सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी असतेच, वर उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटतो. तो एकदा लागला की कधी कधी दिवसच्या दिवस वाहतो आणि उत्तर किनाऱ्यावर लहान मुलांना पाण्यात सोडता येत नाही.

ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. घरातले आठ-दहा जण असतील तर लवकर करा. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. सत्तरीच्या माणसासाठी तेवढाच स्वस्तातला विमा काढून मोकळं होऊ नका. पूर्वीचे आजार त्यात धरलेत का, ते नीट वाचा.

2. घर

माझी सगळ्यात जास्त मेहनत इथे जाते, आणि सगळ्यात वाईट सल्लेही याच बाबतीत मिळतात.

‘मोठा व्हिला घ्या, सगळे एकत्र राहाल’ असं सगळेच सांगतात. क्रीटमधले असे व्हिले बहुधा समुद्रापासून वर, टेकडीवरच्या गावांत असतात. फोटोत निळाशार देखावा दिसतो, खाली ‘समुद्र पाच मिनिटांवर’ लिहिलेलं असतं. ती पाच मिनिटं गाडीची असतात. म्हणजे ज्यांना गाडी चालवता येत नाही, ते सगळे चालवणाऱ्याच्या मर्जीवर. तरुण मंडळी दरीत फिरायला गेली की आजी-आजोबा त्या देखाव्यासमोर दिवसभर अडकून पडतात. पहिल्या दिवशी कौतुक असतं; तिसऱ्या दिवशी ‘आम्ही कशाला आलो’ सुरू होतं, आणि ते बरोबरच असतं.

म्हणून माझी एकच कसोटी आहे: घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला कुणालाही न विचारता, सपाट रस्त्याने, दहा मिनिटांत चालत जाऊन सावलीत बसता आलं पाहिजे. तिथे एखादी बेकरी, एखादं कॉफीचं दुकान आणि माणसांची ये-जा हवी. या कसोटीला उत्तर किनाऱ्यावरचं रेथिम्नो शहर उतरतं: जुन्या शहराला लागूनच वाळूचा लांब किनारा आहे आणि त्याच्या कडेने चालायला सपाट रस्ता. योर्गिउपोली हे किनाऱ्यावरचं गावही उतरतं, तिथल्या चौकात निलगिरीची मोठी झाडं आहेत आणि खाली बसायला जागा. माझ्या सासूबाई तिथे रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बसायच्या. एकमेकींची भाषा येत नसताना बेकरीतल्या बाई त्यांच्यासाठी खुर्ची बाहेर काढून ठेवू लागल्या होत्या. मुलं अगदी लहान असतील तर आल्मिरिडाचा छोटा, उथळ आणि वाऱ्यापासून आडोशाचा किनारा बघा.

हानिया शहरातल्या जुन्या बंदराजवळची घरं फार देखणी आहेत, पण त्यांतली बरीचशी अरुंद आणि उंच आहेत. खाली बैठक, वर झोपायची खोली आणि मधे खडा जिना. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ती घेऊ नका. हानिया दिवसा जाऊन बघता येतं.

आता व्हिलाऐवजी काय? एकाच छोट्या इमारतीतली दोन-तीन अपार्टमेंट्स. आजी-आजोबांना तळमजला, बाकीच्यांना वर. प्रत्येकाचं दार वेगळं, प्रत्येकाला चहापुरतं स्वयंपाकघर. पहाटे उठणाऱ्यांना भांड्यांचा आवाज न करण्याची कसरत नको आणि उशिरा झोपणाऱ्यांना टोमणे नकोत. एकत्र राहणं म्हणजे एकाच छताखाली कोंडून घेणं नाही, हे मी आग्रहाने सांगेन.

पैसे भरण्याआधी मालकाकडून फोनवर काढलेला व्हिडिओ मागा: रस्त्यापासून पलंगापर्यंत, आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत. फोटो पुरत नाहीत. त्यात बाहेरच्या पायऱ्या मोजा, त्यांना कठडा आहे का बघा. अंघोळीला टब असेल तर त्याचा काठ किती उंच आहे ते बघा, कारण ओल्या पायाने तो ओलांडताना माणूस पडतो. ‘पहिला मजला’ लिहिलं असेल तर ते जिना चढून वर, हे पक्कं धरा. कुंपण नसलेला पोहण्याचा तलाव अंगणात असेल आणि घरात रांगतं किंवा नुकतंच चालू लागलेलं मूल असेल, तर ते घर सोडून द्या. समोर समुद्र असताना तलावाची राखण कोण करत बसणार?

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. गरम पाणी बहुधा छतावरच्या सौर टाकीतून येतं. किनाऱ्यावरून परतून ओळीने सहा जणांनी अंघोळ केली की टाकी रिकामी. बहुतेक घरांत विजेवर पाणी तापवण्याचं वेगळं बटण असतं, पुष्कळदा फ्यूजच्या पेटीतच. किल्ली घेतानाच ते दाखवून घ्या. टॉयलेट पेपर कमोडमध्ये न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा, हेही पहिल्या तासातच मुलांना सांगा.

3. विमान

घर ठरल्यावरच तिकीट. हानिया आणि हेराक्लिओन या दोन विमानतळांत सुमारे 140 किलोमीटरचं अंतर आहे, त्यामुळे घराला जवळचा निवडा. व्हीलचेअर किमान 48 तास आधी नोंदवा. ‘मी चालू शकतो’ म्हणणाऱ्या आजोबांसाठीसुद्धा.

4. गाडी

नऊ आसनी गाडी घेऊ नका, दोन छोट्या घ्या. एखादं नातवंड कंटाळलं की एक गाडी परत फिरते, बाकीच्यांचा दिवस वाया जात नाही. आंतरराष्ट्रीय परवाना सोबत हवा, मुलांच्या सीट आधी सांगून ठेवा, गाडी उजव्या बाजूने. उत्तरेच्या मुख्य रस्त्यावर स्थानिक लोक मागच्याला वाट देण्यासाठी अर्धी गाडी कडेच्या पट्टीवर घेतात. त्यांना पुढे जाऊ द्या, शर्यत लावू नका.

5. दिवस

रोज एकच गोष्ट सगळ्यांनी मिळून करायची. बाकी ज्याचं त्याचं.

सामारियाची दरी 16 किलोमीटरची आहे आणि खाली आगिया रुमेलीला पोचल्यावर बोटीनेच बाहेर पडता येतं. तो पूर्ण दिवस तरुणांचा. त्यात ज्येष्ठांना ओढू नका आणि ‘तुम्ही नाही तर आम्हीही नाही’ हेही करू नका. बालोसच्या किनाऱ्यावर जाताना वाहनतळापासून उतरलेलं सगळं परत चढावं लागतं, म्हणून किसामोस बंदरातून बोटीने जा. एलाफोनिसीच्या किनाऱ्यावरचं गुडघाभर पाणी लहानग्यांसाठी उत्तम, पण वाटेत वळणं पुष्कळ. गाडी लागणाऱ्यांनी आधी गोळी घ्यावी.

क्नोसॉसला, म्हणजे प्राचीन राजवाड्याच्या अवशेषांत, सावली कमी आणि जमीन उंचसखल. सकाळी उघडतानाच पोचा, आणि ऊन चढलं की हेराक्लिओनच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा. फैस्टोसची चकती, म्हणजे अजून न उलगडलेल्या चिन्हांची प्राचीन मातीची चकती, तिथेच आहे. सगळ्यांनी मिळून जाण्यासाठी माझी पहिली पसंती कुर्नास तलावाला: गोडं पाणी, पायाने वल्हवायच्या बोटी, काठावर जेवणाची ठिकाणं.

दुपारी दोन ते पाच घरात. हे पाळलंत तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

6. जेवण

शाकाहारींची क्रीटमध्ये आबाळ होत नाही. कडक वाळवलेल्या पावावर टोमॅटो आणि चीज घातलेला दाकोस, ऑलिव्हच्या तेलातल्या उकडलेल्या पालेभाज्या, पिवळ्या डाळीचा फावा, भात भरलेले टोमॅटो. भरलेल्या भाज्यांत खिमा नाही ना, ते मात्र दर वेळी विचारा. तिथल्या ख्रिस्ती उपवासाचे म्हणून दिले जाणारे पदार्थ मांस-दूध-अंड्यांशिवाय असतात, पण त्यांत कोळंबी किंवा ऑक्टोपस चालतो. तेव्हा समुद्रातलं काहीच नको, हे वेगळं सांगा. स्थानिक लोक रात्री नऊनंतर जेवतात. तुम्ही सातला जा. टेबलं रिकामी असतात आणि वाढणाऱ्यांना मुलांशी बोलायला वेळ असतो.

7. पैसे

निघण्याआधी एक सामायिक रक्कम काढा आणि ती एकाच्याच हाती द्या. मुक्काम-कर दर रात्रीचा वेगळा भरावा लागतो, तोही त्यातूनच. दर जेवणानंतर टेबलावर हिशोब मांडायचा नाही. ज्याने खर्च सांभाळला त्याने घरी परतल्यावर एकदाच आकडे पाठवावेत.